अप्पूची शेवटची धाव आणि मोडका अँटेना

वारिजाचं डोकं फिरलंय, हे मुंडबेट्टू गावात सगळ्यात आधी जाहीर केलं ते तिच्या बापानेच, तेही भर मासळीबाजारात, बांगडे निवडता निवडता. निमित्त होतं ड्रोनचं. पोरीने नवऱ्याच्या फोटो स्टुडिओसाठी उडता कॅमेरा घेतला होता आणि तो उडवणार होती ती स्वतः. नवरा उमेश माणूस सज्जन, पण गच्चीवरून खाली बघितलं तरी त्याला घेरी यायची, आणि ड्रोनच्या पडद्यावर बघितलं तरी तेवढीच यायची. म्हणजे रिमोट वारिजाच्या गळ्यात पडणार हे ठरलेलंच होतं.

"वरून नवरीचा भांग दिसतो आणि नवऱ्याचं टक्कल," तिचा बाप त्यांपण्णा म्हणाला होता. "त्याचे पैसे कोण देणार?"

लोकांनी दिले. निम्मं आयुष्य सुपात पानं घेऊन विड्या वळलेली ही बाई, सासरी आल्यावर केळीच्या सोपटात मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, कळ्या गुंफणारी, चाळिशी उलटल्यावर दोन अंगठ्यांनी यंत्र उडवायला शिकली आणि वर्षभरात अशी तयार झाली की माडांच्या झावळ्यांमधून ड्रोन काढताना एक पान हलायचं नाही. लग्नं झाली, देवळांचे उत्सव झाले, आणि या वर्षी गावच्या कंबळ समितीने चिखलातल्या रेड्यांच्या शर्यतीचं, म्हणजे कंबळचंच, थेट प्रक्षेपण तिच्याकडे दिलं. तरी बापाचं मत काही बदललं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा त्यांपण्णा.

पण त्याच त्यांपण्णाला आता पोरीच्या ड्रोनवाचून गत्यंतर नव्हतं. तरुणपणी तो रेड्यांमागे चिखलातून पळायचा. पाय थकले तेव्हा गुत्तूच्या घरची, म्हणजे गावच्या जमीनदारांची जोडी सांभाळायला लागला. अप्पू आणि कुट्टी ही त्याने रेडकं असल्यापासून वाढवलेली जोडी. अंघोळ, तेल, कुळथाची पेज, पाऊस असो की ऊन, सगळं त्याच्या हातचं. कंबळच्या तोंडावर कुट्टीने लाथ मारली आणि म्हाताऱ्याचं नडगीचं हाड मोडलं. आता तो घरी, पाय प्लास्टरमध्ये, समोर नातीचा मोबाईल, आणि त्या मोबाईलवर वारिजा दाखवेल तेवढंच त्याचं कंबळ.

त्यात या वेळी साधी शर्यत नव्हती. अप्पू मागे पडायला लागला होता. गेल्या वर्षापासून जोडी सुरुवातीला सुसाट सुटायची आणि शेवटाला ढिली पडायची, आणि ढिला पडायचा तो अप्पू, हे सगळे बघत होते. त्यांपण्णाने त्याला किती समजावलं, किती फटकावलं, उपयोग झाला नाही. शेवटी गुत्तूच्या धन्यांनी सांगून टाकलं की हे कंबळ झालं की अप्पूला द्यायचा. घेणारा व्यापारी मैदानावर येऊनही बसला होता, बाकड्यावर गोळीबजे, म्हणजे मैद्याची गोल भजी, खात. असल्या व्यापाऱ्याकडे गेलेला रेडा पुढे पळायला जात नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं.

"मला त्याची एक धाव बघू दे," बापाने आदल्या दिवशी वारिजाला सांगितलं होतं. विनवणी करायची सवय नसल्यामुळे ते त्याने दम दिल्यासारखंच सांगितलं. "अख्खी. सुटल्यापासून पोचेपर्यंत. तो तुझा नवरा शर्यत संपते त्या चढणीवर कॅमेरा लावून बसतो त्यात मला नुसता चिखल दिसतो. त्यापेक्षा मी डोळे मिटून पडेन."

"दाखवते, अम्मेर," वारिजा म्हणाली. बापाला ती अम्मेर म्हणायची.

रात्रभर दिव्यांच्या उजेडात फेऱ्या झाल्या. झुंजुमुंजू झालं तेव्हा उपांत्य फेरी आली आणि वारिजाने जमिनीवर अंथरलेल्या सुपारीच्या झापावरून ड्रोन उडवला. खाली चिखलपाण्याचे दोन लांबलचक पट्टे, काठावर माणसांची ही गर्दी, धुक्यात विरत चाललेला सनई-ढोलाचा आवाज. पडद्यावर चित्र असं स्वच्छ आलं की तिच्याच अंगावर काटा आला. तिच्या कमरेला खोचलेल्या साध्या फोनच्या स्पीकरवर लगेच बापाचा आवाज. "दिसतंय. अजून खाली आण. अप्पूला मल्लिगेची माळ कोणी घातली? त्याला शिंका येतात."

अप्पू-कुट्टीला पट्ट्यात उतरवायला लोकय्या पुढे झाला. लोकय्या म्हणजे त्यांपण्णाचा उजवा हात. माणूस सोन्यासारखा, फक्त आवाज आणि अंगबळ यांना लगाम नाही. ढोलवाल्याने नेमकी त्याच वेळी जोरात थाप दिली, कुट्टी बिथरला, कासरा हिसकून बांधावरून सुसाट निघाला, आणि बांधावरच्या माणसांना पळता भुई थोडी झाली. कोणीतरी वारिजाला बाजूला ढकललं म्हणून ती वाचली. रिमोट मात्र मंडपाच्या खांबावर आपटला.

कट् असा आवाज झाला. तिने बघितलं तर दोन अँटेनांपैकी एक मानेतून मोडून लोंबत होता, वेलीवरून अर्धवट तुटलेल्या शेंगेसारखा. पडद्यावर चित्राच्या चिंध्या झाल्या, मग सगळं करडं. वर ड्रोनचा आवाज बदलला. रिमोटची हाक ऐकू आली नाही की ते यंत्र शहाण्या गुरासारखं आपण होऊन उडाल्या जागी परत येतं, हे वारिजाला माहीत होतं. पण उडाल्या जागी आता काय होतं? सुपारीचं झाप कुट्टीच्या खुराखाली, आणि त्याच्या भोवती त्याला आवरणारी दहा माणसं.

"खाली वाका. सगळे खाली वाका," असं ओरडत ती धावली. लोक वाकले. तिने हात उंच करून ड्रोन पोटाकडून पकडला आणि उलटा केला, तेव्हा कुठे पंखे थांबले. पदराची किनार तेवढी कापली गेली. पलीकडे कुट्टीला लोकय्याने शिंगांना धरून थोपवला होता, आणि समितीवाल्यांना वेळेचं वेड. जोडी जुंपली, सुटली, आणि वारिजाला ड्रोन छातीशी धरून उभं असतानाच कळलं की अप्पू-कुट्टी बोटभराने जिंकले.

फोन वाजला.

"चित्र गेलं," त्यांपण्णा म्हणाला.

"अँटेना मोडला, अम्मेर. पण जिंकले. अंतिम फेरीत गेलेत."

"जिंकले ते मला ढोलावरून कळलं. मी ढोल ऐकायला बसलो नव्हतो." आणि फोन बंद.

समितीचे सेक्रेटरी मोनप्प शेट्टर लगबगीने आले. पांढरंशुभ्र धोतर, त्यावर चिखलाचा एकही थेंब नाही, हे त्यांचं या जन्मीचं पुण्य. "वारिजा, दुबईहून फोन, बहारीनहून फोन. सगळे विचारतात चित्र कुठंय. मी काय सांगू, रेड्याने खाल्लं?"

"शेट्टरे, अंतिम फेरी कधी?"

"दुसऱ्या गटाची शर्यत झाली की लगेच. सूर्य माडांच्या वर यायच्या आत सोडणार. उमेशच्या कॅमेऱ्यावर भागवू आपण."

"भागणार नाही," वारिजा म्हणाली. एवढं तोडून ती शेट्टरांशी पहिल्यांदाच बोलली असेल. भीती वाटत नव्हती, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. हात शिवशिवत होते. हे जमवायचं, आत्ता जमवायचं, एवढंच डोक्यात होतं.

लोकय्या तोवर बाजूला येऊन उभा राहिला होता, अपराध्यासारखा. त्याने मोडका अँटेना चिमटीत धरून निरखला, आणि त्याचा चेहरा उजळला. "अक्का, एवढंच ना? मानेत मोडलंय. जू असंच मोडतं. दे इकडे."

आणि जू सांधतात तसाच त्याने तो सांधला. कमरेच्या बटव्यातून पितळी तार काढली, एका बाजूला बांबूची कामटी लावली, आणि वेढ्याला वेढा असा घट्ट बसवत टोकापर्यंत गुंडाळत नेलं. शेवटी तारेची अशी गाठ मारली की तिच्याकडे बघून भोवतालच्यांनी माना डोलावल्या. तीन पिढ्या गुत्तूची जुवं सांधणारं घराणं त्याचं. पितळ उगवत्या उन्हात चमकत होतं.

"आता सात जन्म मोडणार नाही," लोकय्या म्हणाला.

मोडला नसताच. वारिजाने ड्रोन डोक्याएवढा उंच उडवून बघितला, कारण मोडक्या यंत्रावर पहिल्याच झेपेला भरवसा टाकायचा नसतो. यंत्र हाताच्या अंतरावर होतं तोवर ठीक. बांधाच्या टोकापर्यंत गेलं नाही, तोच चित्र गोठलं. मघाशी अँटेना मोडल्यावर निदान चित्राच्या चिंध्या तरी आल्या होत्या, आता तेवढंही नाही. आगीतून फुफाट्यात. तिने घाईघाईने ड्रोन खाली घेतला, आणि तिची नजर त्या लखलखत्या तारेवर गेली.

"लोकय्या," ती म्हणाली, "तू ह्याला चिलखत घातलंस रे."

"मजबुतीसाठी."

"ह्यातून हाक जायला हवी ना? पितळेच्या हंड्यात तोंड घालून ओरडलास तर बाहेर कोणाला ऐकू येईल? आणि मी तरी कसली शहाणी, शेजारी उभी राहून बघत होते. सोड ते सगळं."

लोकय्याचं तोंड एवढंसं झालं. सात जन्मांची गाठ सोडायला त्याला दात लावावे लागले. पलीकडच्या पट्ट्यात दुसऱ्या गटाच्या जोड्या उतरत होत्या, आणि निवेदक एकेका रेड्याचं खानदान सांगत होता. त्याला एरवी लोक शिव्या घालतात. आज वारिजा मनात म्हणत होती, सांग बाबा, आजोबा-पणजोबांपर्यंत सांग.

तिने रिमोट पालथा घातला. पंखे बदलायचा बारका पेचकस नेहमी तिच्या पिशवीत असे. एकेक स्क्रू काढून उमेशच्या तळहातावर ठेवला. उमेश चढणीवरचा कॅमेरा सोडून धावत आला होता आणि स्क्रू सांडू नयेत म्हणून तळहाताची वाटी करून उभा होता. झाकण उघडलं. आत केसासारखी बारीक काळी तार अँटेनाकडे जात होती, आणि तिच्या टोकाची सोनेरी टिकली आपल्या जागेवरून निसटलेली होती. तार तुटली नव्हती, नुसती ओढली जाऊन सुटली होती. वारिजाच्या तोंडून हसूच फुटलं. ही टिकली म्हणजे पोलक्याच्या टिचबटणासारखी. नेमकी वर धरायची आणि दाबायची. नेम चुकला तर मात्र खालची वाटी चेपणार आणि मग सगळंच आटोपलं.

"तू बसव," उमेश म्हणाला. "मला बघवत नाही."

विडीच्या तोंडाची पानाची कड नखाने आत दुमडायची सवय असलेलं बोट तिने टिकलीवर टेकवलं. इकडे तिकडे हलवून जागा चाचपली. दाबलं. टिच् झालं ते दोघांनीही जिवाचा कान करून ऐकलं.

आता मान. तार चालत नाही, मग काय चालेल? चिकटपट्टी दवाने भिजलेली, चिकटेना. तिने चौफेर बघितलं. शेजारी अप्पू उभा होता, अंगावरून वाफा निघत होत्या, गळ्यात मल्लिगेची माळ. ती केळीच्या वाळक्या सोपटात गुंफलेली. ती माळ तिने सरळ हिसकली आणि कळ्या ओरबाडायला लागली.

"अक्का, गावच्या दैवताचा प्रसाद आहे तो," लोकय्या हादरला.

"प्रसाद आहे म्हणूनच टिकेल. आणि त्याला शिंका येतात त्याने. ती झावळी आण इकडे, तिचा हीर काढ."

माडाचा हीर तिने अँटेनाच्या पाठीला लावला आणि सोपटाने बांधत गेली, मल्लिगे गुंफतात त्याच पिळाने, ना सैल ना घट्ट. कळ्या चुरगळल्यामुळे सगळ्या रिमोटला वास सुटला. अँटेना उभा राहिला. मात्र एकाच कोनात राहिला. जरा वळवला तर मान परत लवायची.

"हा कोन धरूनच उभी राहीन," वारिजा म्हणाली. "ड्रोन जाईल तिकडे मी अख्खी वळेन."

तिकडे निवेदकाचे रेड्यांचे पूर्वज संपले होते. दुसरा गट धावला, जिंकला, चढणीवर नाचला. अंतिम फेरीची हाक आली. अप्पू-कुट्टी या पट्ट्यात, काजेबैलची तगडी काळी जोडी त्या पट्ट्यात. मागे आपल्या जोडीचा धावक सुकेश, ओल्या अंगाचा, नजर समोर. वारिजाने ड्रोन उडवला. बांधाच्या टोकापर्यंत. चित्र आहे. माडांपर्यंत. आहे. पट्ट्याच्या पार पलीकडच्या तोंडाशी, जिथे जोड्या उभ्या होत्या. आहे, आणि असं की अप्पूच्या पाठीवरचा तेलाचा तकाकासुद्धा दिसतोय. आनंदाने तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडली तर हात हलेल म्हणून ती ओरडली नाही.

"अम्मेर, दिसतंय?"

"बोलू नकोस," बाप म्हणाला, आणि फोन बंद.

सुटले.

शर्यत वारिजाने डोळ्यांनी बघितलीच नाही. ड्रोन जाईल तशी ती अख्खी वळत गेली, आणि नजर होती ती हातभर अंतरावरच्या पडद्यावर. त्यात दोन पांढऱ्या फेसाळ रेघा ओढल्या जात होत्या आणि रेघांच्या टोकाला चार काळ्या पाठी. मागे हजारो माणसांचा आवाज एकदम उठला तो तिच्या पायांतून वर चढला. अप्पू-कुट्टी पुढे. अर्ध्यापर्यंत पुढे. मग बरोबरीला. मग चढण आली, चिखल उसळला, आणि ढोल वाजले ते पलीकडच्या पट्ट्यावर.

काजेबैल जिंकली. नाकभर फरकाने, पण जिंकली.

लोकय्या बांधावरच मटकन खाली बसला. उमेशने चष्मा पुसायला घेतला. व्यापारी बाकड्यावरून उठला, हात पुसले, आणि गुत्तूच्या धन्यांकडे चालू लागला. ते त्यांच्या गाडीपाशी उभे होते, रेशमी शाल खांद्यावर, चेहऱ्यावर काही नाही. एवढा खटाटोप करून वारिजाने बापाला काय दाखवलं, तर अप्पू हरताना दाखवला. फोन वाजला तेव्हा तो उचलावा की नाही हेच तिला कळेना.

"वारिजा," बापाला धाप लागली होती. मागून आईचा आरडाओरडा ऐकू येत होता, पाय टेकू नका, अहो पाय टेकू नका. "वारिजा, बघितलंस?"

"हरले, अम्मेर."

"हरूदेत गं. बघितलंस का तू? तो कुट्टी. अख्खी धाव तो अप्पूवर रेलतो. अर्ध्यातून पुढे तर अंगच टाकतो त्याच्यावर. आणि अप्पू खांदा देऊन त्याला सरळ ठेवतो. पळतो आणि वर त्याला ओढतो. म्हणून दमतो तो, वय झालं म्हणून नव्हे. जन्मभर मी ह्यांच्या मागे राहिलो, मला दोन शेपट्या दिसल्या आणि चिखल दिसला. फटके कोणाला मारले मी? अप्पूला." आवाज फाटला. पण म्हातारा थांबला नाही, उलट त्याला चेवच चढला. "कुट्टीची ती खोड आहे, आणि खोड मोडता येते. मी मोडतो. धनी आहेत का तिथे? त्यांना जाऊ देऊ नकोस. ते दाखव त्यांना. पळ."

वारिजा पळाली. गळ्यात रिमोट, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि चिखलातून अशी पळाली की लोकांना वाटलं आणखी एक फेरी बाकी आहे. व्यापारी बोलायला लागला होता. ती त्याच्या आणि धन्यांच्या मध्येच घुसली.

"धनी, एकदा बघा. अम्मेरने सांगितलंय."

"वारिजा, झालं ते झालं—"

"एकदाच."

तिने पडद्यावर धाव परत लावली आणि ती हळू केली. चार काळ्या पाठी सरकू लागल्या. कुट्टीची पाठ तिरकी होत गेली, होत गेली, आणि अप्पूचा खांदा तिच्याखाली शिरला, शेवटपर्यंत तिथेच राहिला. त्यांपण्णाने जे सांगितलं ते तिने शब्दन् शब्द सांगितलं. फटक्यांचंही सांगितलं. मोनप्प शेट्टर धन्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते आणि त्यांच्या धोतराला कोणाचा तरी चिखल लागला तरी त्यांना पत्ता नव्हता.

"परत लाव," धनी म्हणाले.

तिने परत लावलं. धाव संपल्यावर धन्यांनी आणखी एकदा लावायला सांगितलं. मग त्यांनी वळून मागे बघितलं. अप्पू माडाला बांधलेला होता, मान खाली, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. कुट्टी शेजारी ऐटीत उभा होता, त्याचा भार आताही अप्पूच्या अंगावरच होता.

व्यापारी खाकरला. "मग धनी, आपलं ठरल्याप्रमाणे…"

"तुम्ही चहा घेतलात का?" धन्यांनी त्याला विचारलं. "घेऊन निघा." आणि वारिजाकडे वळून म्हणाले, "त्यांपण्णाचं प्लास्टर कधी निघतंय?"